चढणीपुरता जोर

भात पिवळं पडायला लागलं की मला धास्ती लागते. इतरांना या दिवसांत काय काय सुचतं! तळेगावातल्या आमच्या शेजारीणबाई नव्या इंद्रायणी तांदळाची चौकशी सुरू करतात. कंपनीतल्या मुली पठारावरची सोनकीची फुलं बघायला जायचे बेत आखतात. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या राहतात आणि त्यातली माणसं काचा खाली करून हवा खातात. मला मात्र कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला वळलं, पिकल्या भाताचा तो गोडसर वास नाकात शिरला, की आधी कान ताठ होतात. मी एक आवाज शोधायला लागते. छोट्या टूस्ट्रोक इंजिनाचा, बारीक आणि चिरका. तो ऐकू आला तरी भीती वाटते आणि नाही आला तरी वाटते.

मी मुळातच घाबरट. गॅस बंद केलाय ना, हे बघायला जिन्यातून दोनदा परत जाणारी. आंबीच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. मशीनवरून उतरलेला भाग मापात आहे की नाही ते बघायचं, केसाच्या जाडीएवढीही चूक सोडायची नाही. त्याआधी सहा वर्षं मी लेथवर उभी होते, त्यामुळे चूक कुठे लपते ते मला ठाऊक असतं. घाबरट माणसाला यापेक्षा चांगली नोकरी मिळणार नाही. बाकीच्या जगात लोक माझ्या शंकांना हसतात, तिथे मला त्यांचा पगार मिळतो.

माझे वडील, म्हणजे आप्पा, याच्या अगदी उलट. बेडशात, लेण्यांच्या डोंगराखाली आमचं घर आहे, आणि घरामागून एक जुनी बैलगाडीची वाट वरच्या खाचराकडे चढते. लहानपणी तिथल्या ओढ्याला पूर आला की आप्पा मला खांद्यावर घेऊन पलीकडे जायचे. मी त्यांचे केस मुठीत धरून किंचाळायची आणि ते हसत हसत पाण्याची खोली सांगायचे, "आता गुडघा, आता मांडी, आता कंबर." खोली सांगितली की पोरीची भीती कमी होईल, असं त्यांना वाटत असावं. मला कंबरेनंतर काय, तेवढंच कळायचं नाही.

त्याच आप्पांचे गुडघे गेले. एकाएकी नाही. आधी उतरताना दुखायला लागले, मग चढताना, मग नुसतं उभं राहतानाही. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून गोठ्यात जायचे. वरच्या खाचराला जायला त्यांना पूर्वी बिडी संपेपर्यंतचा वेळ लागायचा, आता वाटेत चार ठिकाणी बसावं लागायचं. शेवटी आई म्हणाली, वरचं रान चुलतभावाला वाट्यानं देऊन टाका. रात्री जेवताना आप्पा मला फोनवर एवढंच म्हणाले, "ज्या रानात आपलं पाय पोचत न्हाईत, ते रान आपलं कशाचं गं?" त्यांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

आणि मग तीन वर्षांपूर्वी, श्रावणात, ती गाडी घरी आली. पवनेच्या काठावरचं एक पर्यटकांचं ठिकाण बंद पडलं होतं, तिथल्या ओळखीच्या माणसानं ती दोन पोती तांदळाच्या बदल्यात आप्पांना दिली. लाल रंगाची, फुगीर चाकांची, शहरातल्या मुलांना मैदानात गोल गोल फिरवायची ती चारचाकी. आप्पा तिच्यावर बसले की त्यांचे गुडघे कानांशी यायचे. आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसली. "शेरडावर बसल्यावानी दिसताय!" आप्पांना त्याचं काही नव्हतं. अंगठ्यानं खटका दाबायचा की गाडी पळते आणि गुडघ्याचं काही काम पडत नाही, एवढं त्यांना पुरेसं होतं.

गाडी घरापासून निघायची ऐटीत. अर्ध्या वाटेवर करंजाचं झाड आहे, तिथे वाट वळते आणि एकदम उभी चढते. डाव्या हाताला दोन पुरुष खोल खालचं खाचर. त्या वळणावर गाडीचा दम संपायचा. मग आप्पा खाली उतरून, त्याच गुडघ्यांवर भार देऊन, तिला ढकलत वर न्यायचे. मी रविवारी गेले तेव्हा ते मला दिसलं. खळ्यात उभी राहून मी वर बघत होते आणि माझी हाडं दुखायला लागली.

"वैशे, तू एवडी मशीनवाली," संध्याकाळी आप्पा म्हणाले. "हिचा जोर वाडव की जरा."

"आप्पा, ते पोरांचं खेळणं आहे. तेवढ्याच जोराचं केलंय."

"मंग? पोरांचं हाय म्हनून मी ढकलत जाऊ व्हय?"

नाही म्हणायला पाहिजे होतं. मला भीती वाटली होती, आणि माझी भीती सहसा चुकत नाही. पण वरचं रान वाट्यानं गेलं तर आप्पा खाली ओट्यावर बसून डोंगराकडे बघत राहतील, याचीही भीती वाटत होती. दोन्हींत मोठी कुठली, ते मोजायचं माप माझ्याकडे नव्हतं.

कामशेतला बबनमिस्त्री म्हणून एक म्हातारे आहेत. जुन्या टूस्ट्रोक स्कूटरींवर त्यांचं आयुष्य गेलं. मी गाडी टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेली. त्यांनी इंजिनावरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाडवू की जोर, ताई. बसनार कोन हिच्यावर?"

"माझे वडील."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंग आदी ब्रेक."

तर आधी ब्रेक केले. नवे पॅड, नवी केबल. मग मागच्या आसाचं दातेरी चक्र मोठं बसवलं, त्यानं गाडी चढायला लागली खरी, पण गोगलगायीच्या चालीनं, आणि वर पोचेपर्यंत इंजिन इतकं तापायचं की जवळ हात नेता येत नसे. तेव्हा इंजिन खोलावं लागलं. जोर वाढवायचा म्हणजे बाहेरून काही ओतायचं नसतं. आहे त्या इंजिनाचा श्वास मोकळा करायचा असतो. आत येणाऱ्या वाटा घासून गुळगुळीत केल्या, धूर बाहेर जायची वाट जराशी रुंद केली. सिलिंडरचं डोकं मी आमच्या ओळखीच्या वर्कशॉपमधल्या लेथवर लावून अगदी पातळ पापुद्रा उतरवला, म्हणजे आतला दाब वाढेल. मोठा कार्ब्युरेटर आला, मधे पोट फुगलेला नवा सायलेन्सर आला. प्रत्येक पापुद्र्याला मी थांबत होते, मोजत होते. मिस्त्री कंटाळून म्हणाले, "ताई, सोनाराकडं लागा कामाला."

टूस्ट्रोकचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळतात. ते कमी पडलं, किंवा हवा जास्त गेली, की पिस्टन आतल्या आत जळतो. त्याची खबर प्लग देतो. प्लग काढून बघायचा, टोक चहाच्या रंगाचं असलं तर सगळं ठीक, पांढरंफटक असलं तर धोका. त्या दिवसांत मी इतक्या वेळा प्लग काढून बघितला की माझ्या नखांतला काळेपणा गौरी जेवायला बसल्या तरी गेला नव्हता. रंग दर वेळी चहाचाच होता. मी काही चुकवलं नव्हतं. हे आजही मला स्वतःला सांगावं लागतं.

गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा तिचा आवाजच बदललेला. आधी ती कुरकुरायची, आता तिनं अंगणातली कोंबडी उधळली. आप्पा खुश होऊन हसले आणि मी दोन पावलं मागे सरकले.

एक दोरी होती. पर्यटकांच्या गाड्यांना असते तशी. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटात, दुसरं गाडीवरच्या बटणात. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन जागच्या जागी बंद. मी नवी दोरी आणून दिली, हातात घालून दाखवली, शपथ घातली.

"मला दावं लावती व्हय?" आप्पा म्हणाले. "मी काय बैल हाय?"

मी निघाले की ते दोरीचं टोक मनगटातून काढून हँडललाच गुंडाळत होते, हे मला नंतर कळलं. बटणात दोरी असल्याशिवाय गाडी सुरू होत नाही म्हणून दोरी तर हवी, पण दावं नको. त्यांच्या मते दोन्ही बाजू सांभाळल्या गेल्या होत्या.

दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली झाडून सगळी अवजारं धुऊन पुसून ओट्यावर मांडतात. विळे, कोयते, फवारणीचा पंप, आणि त्या वर्षी शेवटी ती लाल गाडी. आईनं प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. गाडीच्या हँडलला तिनं सगळ्यांत मोठा हार घातला, आपल्या हातानं, जाड दोऱ्यात ओवलेला. घरातल्या सगळ्यांत नव्या अवजाराचा तो मान. आणि आमच्या घरात पूजेचा हार हातानं काढत नाहीत. तो वाळून आपोआप गळून पडायचा. ट्रॅक्टरवरचे, दुचाकीवरचे हार दिवाळीपर्यंत तसेच लोंबत असतात, गावात कुणाच्याही दारात बघा.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी लवकर पिकणारं हळवं भात कापायला मी गेले. गाडी अंगणात उभी होती. हार वाळून तपकिरी झाला होता, अर्धी फुलं गळली होती आणि दोऱ्याचा एक फास अंगठ्याच्या खटक्याजवळ लोंबत होता.

तो मला दिसला होता. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. दिवसभर केसाएवढी चूक पकडायचा पगार घेणाऱ्या मला तो फास दिसला आणि मनात आलंसुद्धा, की हा काढायला हवा. मग आईकडे नजर गेली. देवाचा हार तोडला म्हणून तिला वाईट वाटेल, असं वाटून मी विळा उचलला आणि खळ्यामागच्या खाचरात गेले.

आप्पांच्या गाडीचा आवाज मला पाठ झाला होता. घरापासून निघताना बारीक, सपाटीला भरलेला, आणि करंजाच्या वळणाशी एकदम खाली यायचा, कारण तिथे आप्पा अंगठा सोडायचे. मग वळण झालं की पुन्हा चढायचा. मी वाकून भात कापत होते. मूठ धरायची, विळा ओढायचा, पेंढी खाली ठेवायची. आवाज सपाटीवर भरला. आता खाली येईल म्हणून मी हात थांबवला.

तो खाली आला नाही.

तो वाढला. वळणावर वाढला आणि वाढतच गेला. मी उभी राहिले तेव्हा लाल गाडी बांधावरून उडताना दिसली, मग आप्पा आणि गाडी हवेत वेगळे झालेले दिसले, मग आप्पा दिसेनासे झाले. गाडी एकटीच खालच्या खाचरात आपटली, उभ्या भातातून वाट काढत कातळापर्यंत गेली, उलटली, आणि चाकं वर करून किंचाळत राहिली. दोरी तिच्याच हँडलला होती, आणि हाराचा फास खटक्याला आवळून बसला होता, हे नंतर कळलं. तिला बंद करणारं कुणी नव्हतं. मी धावत होते आणि तो आवाज थांबावा एवढंच मागत होते, आणि तो थांबला तेव्हाची शांतता त्याहून वाईट होती.

आप्पा भातात तोंड खुपसून पडले होते. मी हाक मारली. ओंब्या हलल्या. त्यांनी मान वळवली, कपाळाला चिखल आणि भुसा, आणि मला म्हणाले, "चडली गं. शेवटपातूर चडली असती."

मला त्यांना मारावंसं वाटलं. मी त्यांच्या शेजारी चिखलात बसून ओरडून रडले.

खांद्याचं हाड मोडलं होतं. भावकीतल्या एकाच्या गाडीतून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. रविवार होता. पुढे गाड्यांची रांग, गाण्यांचे आवाज, खिडकीतून हात बाहेर काढून फोटो काढणारी माणसं. आप्पा ताठ बसून उजव्या हातानं डावा हात धरून होते आणि दर खड्ड्याला डोळे मिटून घेत होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. आई मागच्या सीटवर एकच वाक्य पुटपुटत होती, "मी हार घातला. माज्या हातानं घातला." मी तिला म्हणू शकले असते की आई, तो मला दिसला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर आई दसऱ्याला हार घालते, पण संध्याकाळी दिवा लागायच्या आत स्वतः काढते आणि ओढ्यात सोडून येते. शेजारच्या बाया कुजबुजल्या, तिनं ऐकून घेतलं. जन्मभर तिनं पूजेचा हार हातानं तोडून काढला नव्हता.

हाड जुळलं आणि आप्पांनी गाडी मागितली. मी नाही म्हणाले, आई नाही म्हणाली. ते ओट्यावर बसले. महिनाभर नुसते बसले. दाढी वाढली, जेवण अर्ध्यावर आलं, आणि चुलतभाऊ वाट्याचं बोलायला येऊन गेला त्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही. मग मी गाडी दुरुस्त केली. माझ्याच हातानं, दुसऱ्यांदा. फक्त या वेळी अंगठ्याच्या खटक्यामागचा एक स्क्रू आत फिरवला. तो जेवढा आत, तेवढा खटका कमी दाबला जातो. चढणीपुरता जोर ठेवला आणि बाकीचा अडवून टाकला. आप्पांना सांगितलं नाही. कारखान्यात बसवलेल्या बोल्टवर आम्ही रंगाची रेघ ओढतो, बोल्ट हलला की रेघ तुटलेली दिसते. तशी मी त्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशची रेघ ओढली.

तेव्हापासून दर खेपेला मी घरात पाऊल टाकायच्या आधी ती रेघ बघते. आई म्हणते, "आमी हितं मानसं बसलोय, आन् तू गाडीला भेटती." आप्पा चारचौघांत तक्रार करतात, की पोरीनं गाडी दुरुस्तीला घेतली आन् बिघडवून ठेवली, पयल्यावानी पळत न्हाई. मी हसते. रेघ सरळ दिसली की माझा पुढचा आठवडा बरा जातो.

यंदा पाऊस लांबला, भात उशिरा पिकलं. गेल्या रविवारी मी गेले. अंगणात गाडी, झाकणाचं रबर बाजूला केलं, आणि रेघ तुटलेली.

आप्पांना स्क्रू सापडला होता. आता तो त्यांनी किती उघडला असेल, कधीपासून ते तशी गाडी चालवत असतील, करंजाच्या वळणावर किती वेळा... मी ओट्यावरचा स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू आत घेऊन पुन्हा माझ्या खुणेवर आणायचा होता. फिरवला, तर तो आत जाईना. मग उलटा फिरवला आणि आटे मोजले. एक. दोन. अडीच आट्यांवर माझी जुनी रेघ जुळली.

मला आधी कळलंच नाही. मी पुन्हा आत फिरवून पुन्हा मोजलं, सवयीनं. स्क्रू बाहेर काढलेला नव्हता. माझ्यापेक्षा अडीच आटे आत दाबलेला होता. आप्पांनी जोर वाढवला नव्हता, कमी केला होता. मला न सांगता, जसा मी त्यांना न सांगता केला होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. इतकी वर्षं घरात घाबरायचं काम माझ्याकडे होतं आणि न घाबरायचं आप्पांकडे. ओढ्याच्या पाण्यात कंबरेनंतर काय, हे मला माहीत नव्हतं तरी चालायचं, कारण माझ्याखाली असलेल्या माणसाला भीती वाटत नव्हती. आता त्या माणसानं एकट्यानं, आई गोठ्यात असताना किंवा दुपारी झोपली असताना, भीतीनं तो स्क्रू पिळला होता. मला इतकी भीती त्या उलटून किंचाळणाऱ्या गाडीचीही वाटली नव्हती.

"झालं का तपासून?" आप्पा मागून काठी टेकत आले. कापणीला आलेल्या बाया ओट्यावर चहा पीत होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "लय मरगळलीय ती. वाडव जरा जोर."

मी त्यांच्याकडे बघितलं. दोरी त्यांच्या मनगटात होती. नुसती घातलेली नाही, दोन गाठी मारून बांधलेली.

"वाढवते, आप्पा," मी म्हणाले. स्क्रू त्यांनी ठेवला होता तिथेच नेला आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्यावर नुसता टेकवून दोनदा हवेत फिरवला. पर्समधून नेलपॉलिश काढलं आणि त्यांच्या मापावर नवी रेघ ओढली.

मी लहान असताना आप्पा मला एकदा ट्रकमधून खंडाळ्याच्या घाटातून घेऊन गेले होते. पुढचा माल भरलेला ट्रक धापा टाकत चढत होता आणि त्याचा क्लीनर हातात लाकडी ठोकळा घेऊन चाकामागून चालत होता. ट्रक थांबला की ठोकळा चाकाखाली. मी विचारलं होतं, तो आत का बसत नाही? "आत बसला तं ठोकळा कोन लावनार?" आप्पा म्हणाले होते.

आप्पांनी गाडी सुरू केली. तिचा आवाज कुरकुरता झाला होता, अगदी पहिल्या दिवसासारखा. ते वळून मला म्हणाले, "हां. आता बरी हाय."

वाटेला लागताना मी बांधावरचा एक दगड उचलला, दोन हातांत मावेल एवढा. गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चढत होती. मी तिच्या मागून चालत राहिले. करंजाच्या वळणावर आवाज खाली आला आणि गाडी थांबली. आप्पांनी मागे वळून बघितलं नाही. नुसतं विचारलं, "हायेस ना गं?"

मी वाकले आणि चाकामागे दगड लावला.